आधी ऐका, मग वाजा

चिमूआत्याने नवी बेल शोधून काढली आणि त्या दिवसापासून इमारतीत एकाही घराची बेल वाजेना, असं शेजारी सांगत सुटले होते. हे साफ खोटं होतं. बेली वाजत होत्या. फक्त बेल दाबणारा माणूस दारात उभा असेपर्यंत वाजत नव्हत्या, एवढंच.

आता चिमूआत्या म्हणजे काही ऐरीगैरी बाई नव्हे. बिनतारी संशोधन केंद्रात ती शास्त्रज्ञ होती. तिथे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला 'मॅडम' म्हणत आणि ती बोलायला लागली की माना डोलवत, कारण ती काय बोलते ते कोणालाच कळत नसे. घरी मात्र सगळा उलटा कारभार. ती राहायची थोरल्या भावाकडे, आणि दादाच्या लेखी ती अजून दुधाचे दात पडलेली चिमीच होती.

"चिमे, एवढी शिकलीस, मग हा टीव्हीचा रिमोट का गं चालत नाही?"

मग चिमूआत्या समजावून सांगायची, की रिमोट चालतो प्रकाशाच्या किरणांवर, तिचा अभ्यास आहे रेडिओलहरींचा, दोन्हींचं शास्त्र वेगळं. दादा सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा.

"म्हणजे येत नाही ना? असू दे, असू दे."

एकदाच 'असू दे' म्हटलं असतं तर तिने सोसलं असतं. दुसरं 'असू दे' थेट काळजात रुतायचं. त्यात दादा रिमोट मांडीवर दाणकन आपटायचा आणि तो मेला लगेच चालू व्हायचा! विज्ञानाचा एवढा उघड अपमान दुसऱ्या कुठल्या घरात होत नसेल.

खरं तर तिचा पहिलावहिला शोध या दादासाठीच होता. दादाच्या हातात दिलेली वस्तू पुन्हा दिसेल याची कोणी खात्री द्यायचं नाही. म्हणून तिने त्याच्या लोखंडी कपाटातल्या कप्प्याच्या किल्लीला अडकवायला एक बोटाएवढी डबी बनवली. डबीत सेल नव्हता. ती हलली की त्या हलण्यावरच तिच्या पोटात वीज भरायची. तिच्या जोडीला एक छोटं यंत्र होतं. यंत्र जवळपास नसलं की डबीला वाटायचं आपण हरवलो, आणि ती बिनतारी हाका मारत सुटायची, 'मी इथे आहे, मी इथे आहे!' या हाका माणसाच्या कानाला ऐकू येत नसत. यंत्र हातात घेऊन घरभर फिरायचं, त्याला त्या बरोबर ऐकू येत.

फार गोड शोध होता तो. दादाने अख्ख्या इमारतीला कौतुकाने दाखवला. आणि महिनाभरात किल्ली, डबी, यंत्र, सगळंच हरवून बसला. कपाट तसं उघडंच असायचं, पण त्याच्या आतला लोखंडी कप्पा जो कुलूपबंद राहिला तो राहिलाच.

"त्यात होतं तरी काय?" वहिनी दर थोड्या दिवसांनी विचारायची.

"काहीतरी फार महत्त्वाचं होतं," दादा कपाळ चोळत म्हणायचा, "एवढं मला पक्कं आठवतंय."

असो. बेलींकडे वळू या.

झालं असं, की इमारतीचे सेक्रेटरी काका एकदा सगळ्या घरांसाठी वायरलेस बेली घेऊन आले. एकाच दुकानातून, एकाच जातीच्या, कारण 'इमारतीत समानता हवी.' समानता इतकी आली, की कोणाच्याही दारातलं बटण दाबलं की सगळ्यांच्या घरात बेल वाजायची. कुरिअरवाला एका घरी यायचा आणि अख्खी इमारत दार उघडून त्याच्याकडे बघायची. तो बिचारा भांबावून पार्सल जवळच्या माणसाच्या हातात कोंबून पळ काढायचा.

"तुम्ही वायरलेसमधल्या ना?" सेक्रेटरी काका चिमूआत्याला जिन्यात अडवून म्हणाले. "मग हा प्रश्न तुमच्या खात्यात येतो."

चिमूआत्याला मनातून केवढा आनंद झाला! तिने केंद्रात प्रस्ताव मांडला, मंजूर करून घेतला आणि कामाला लागली. तिची कल्पना अशी, की बेलींना आधी शिस्त लावायची. प्रत्येक बेलीला स्वतःची खूण. शिवाय वाजण्याआधी प्रत्येकीने हवेत कान देऊन ऐकायचं. दुसरं कोणी बोलतंय? मग गप्प बसायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, पण कोणीतरी आपलं बटण दाबलंय हे विसरायचं नाही. हवा मोकळी झाली की मग वाजायचं, तेही एकेकीने.

"म्हणजे समोरचा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही," चिमूआत्याने घरात समजावलं.

"हे कसं शक्य आहे?" वहिनी आणि दादा एकदमच म्हणाले.

नव्या बेली लागल्या त्या दिवशी सकाळभर त्या अशा काही सुरेख वाजल्या, की सेक्रेटरी काकांनी अभिनंदनाचा ठराव तोंडी पास करून टाकला. संध्याकाळी चिमूआत्या केंद्रातून परत आली, आपल्याच दाराची बेल दाबली आणि उभी राहिली. उभीच राहिली. आतून टीव्ही ऐकू येत होता, दादाचं हसू ऐकू येत होतं, बेल तेवढी ऐकू येत नव्हती. शेवटी तिने दार बडवलं.

"बेल दिसत नाही का तुला?" दादा म्हणाला. बोलून झाल्यावर त्यालाच वाईट वाटलं. "असू दे, असू दे."

पुढे खरी मजा. दादा टीव्ही बंद करून जेवायला उठला, ताटावर बसला, आणि इमारतीत बेलींची रांग लागली. एक वाजली, ती संपली, दुसरी वाजली. घरोघरी लोक दारं उघडायला धावले. दारात कोणीच नाही! चिमूआत्याने स्वतःच दार उघडलं आणि रिकाम्या जिन्याला "कोण आहे?" असं विचारलं. ती बेल तिनेच मघाशी दाबलेली होती, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा घास तिच्या घशात अडकला.

हे रोजचंच झालं. दिवसा सगळं सुरळीत. संध्याकाळी सगळं मुकं. जेवणाच्या वेळी बेलींचा महापूर. सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर शुकशुकाट.

"आत्या, तुझ्या बेलींना भूक कळते," भाची म्हणाली. ही दादाची मुलगी, शाळेत विज्ञानात पहिली येणारी आणि त्याचा वापर फक्त टोमण्यांसाठी करणारी.

"मला काही शास्त्र कळत नाही," वहिनी म्हणाली, "पण माझा अनुभव विचाराल तर हे घरात असले, की काहीच धड चालत नाही."

"माझा काय संबंध?" सोफ्यावर बसल्या बसल्या दादा दुखावला. सोफ्याचं डावं टोक ही त्याची कायमची जागा. तिथे बसला की त्याचा पाय हलायला लागायचा, आणि पायाबरोबर सोफा, आणि सोफ्याबरोबर शेजारी ठेवलेला चहा. तो कपातून निघून बशीत मुक्कामाला यायचा.

"आधी तो पाय थांबवा," वहिनी म्हणाली. बोलणं तिथेच संपलं, कारण हे वाक्य ती रोज म्हणायची आणि रोजच्या वाक्याकडे कोण लक्ष देतं?

शेजाऱ्यांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. सेक्रेटरी काका म्हणाले, संध्याकाळी हवा जड होते, लहरी दमतात, बेली थोड्या उंच लावा. तळमजल्यावर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांचे पेशंट बेल दाबून दाबून, दुखरे दात सांभाळत घरी परत जात होते. डॉक्टरांचा सल्ला त्यांच्या धंद्याला शोभेसा होता. "मुळापासून उपटून टाका. आज वाटेल हलतंय, उद्या शेजारच्यालाही कीड लागेल." वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी तर बेलीजवळ तोंड नेऊन तिला दोन समजुतीच्या गोष्टी सांगितल्या.

चिमूआत्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. प्रयोगशाळेत बेली सोन्यासारख्या वागत. तिने अर्धी रजा टाकून दुपारी घरी तपासणी केली, तर घरीही सोन्यासारख्या! याचा अर्थ संध्याकाळी हवेत कोणीतरी सतत बोलत होतं आणि सभ्य बेली ते संपायची वाट बघत होत्या. पण कोण? ते शोधायला लहरी मोजायचं मोठं यंत्र हवं होतं. ते केंद्राच्या भांडारात होतं, आणि भांडारावर भांडारप्रमुख होते.

"यंत्र बाहेर न्यायचं तर ते बिघडलेलं असावं लागतं मॅडम. बाहेर जातं ते दुरुस्तीलाच जातं."

"पण बिघडलेलं नेऊन मी मोजू कशी?"

"ते मला कसं कळणार? मी शास्त्रज्ञ नाही." भांडारप्रमुखांनी हात जोडले. "तुम्ही म्हणत असाल तर मी थोडं बिघडवून देतो."

त्याच दिवशी संचालकांनी तिला बोलावलं. मंजुरी खात्याचे तपासनीस येणार होते, इमारतीतच, आगाऊ वेळ न सांगता. साध्या पाहुण्यासारखे ते बेल दाबणार. बेल वाजली तर शोधाला मंजुरी. नाही वाजली तर काम बंद, आणि चिमूआत्याची बदली चार्जर विभागात. चार्जर विभागात काय काम असतं? चार्जर लावायचा. दिवा लागला तर तो बरोबर. नाही लागला तर चूक. मग पुढचा चार्जर. निवृत्तीपर्यंत.

"घाबरू नका," संचालक म्हणाले, "ते कामाच्या दिवशी, दुपारचे येतील."

चिमूआत्याच्या जिवात जीव आला. दुपारी तर बेली चालतातच! घरी येऊन तिने ही बातमी सांगितली आणि दादाने चहाचा कप खाली ठेवला.

"चिमे, तुझी परीक्षा आणि मी ऑफिसात बसू? लहानपणी तुझ्या पहिल्या परीक्षेला शाळेच्या फाटकाशी कोण उभं होतं? मी रजा टाकतो. येईपर्यंत रोज टाकतो."

वहिनीने तोंड उघडलं, पण नणंदेच्या डोळ्यांतलं पाणी बघून तिने ते मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मिटलं, आणि तेही नेमकं नको तेव्हा.

अशाच एका रजेच्या दुपारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या डाव्या टोकाला स्थानापन्न झाला होता. काळजीने त्याचा पाय असा चालला होता, की भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा हलत होतं. सेक्रेटरी काका मदतीला येऊन बसले होते. त्यांनी मदत अशी केली होती, की फाटकाशी पाहुण्यासारखा माणूस दिसताच सगळ्या घरांना निरोप धाडला, एकमेकांच्या बेली दाबा, म्हणजे साहेबांना बेली वापरात दिसतील.

"दाबल्या सगळ्यांनी?" चिमूआत्याने घाबरून विचारलं.

"एकूण एक."

घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. इमारतीत एकही बेल वाजली नाही. चिमूआत्या बंद दाराकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर चार्जरांचा ढीग उभा राहत होता.

"दादा, आज दुपारी का गं... का रे असं?" तिचं व्याकरणसुद्धा डगमगलं.

"मी आहे ना," दादा म्हणाला आणि दुप्पट वेगाने पाय हलवू लागला.

बराच वेळ गेला. मग दारावर थाप पडली. दारात दाताचे डॉक्टर, त्यांच्या मागे एक सडपातळ गृहस्थ, खांद्याला जड पिशवी, एक गाल सुजल्यासारखा आणि त्यात कापसाचा बोळा.

"हे तुमच्याकडचे का हो?" डॉक्टर ओशाळून म्हणाले. "खाली दवाखान्याची बेल दाबून दाबून उभे होते. मला वाटलं पेशंट. आजकाल दारात माणूस दिसला की मी सोडत नाही. आत घेतलं, खुर्चीत बसवलं, हे काहीतरी सांगत होते, पण तोंड उघडल्यावर मला दाढ दिसली आणि... दाढ खरंच किडकी होती हो! बधिर करून भरून टाकली."

ते तपासनीस होते. त्यांनी तळमजल्यापासून सुरुवात केली होती.

मग जे सुरू झालं त्याला संभाषण म्हणता येणार नाही. डॉक्टर दाढेबद्दल बोलत होते, सेक्रेटरी काका हवेच्या जडपणाबद्दल, वहिनी "चहा घेणार ना? पण गाल बधिर असेल, मग गार करून देते" असं स्वतःशीच प्रश्नोत्तर करत होती, आणि सगळ्यांच्या वर दादाचा आवाज, "साहेब, आमच्या चिमीला लहानपणापासून वायरींचा नाद!" चिमूआत्याला धरणीने पोटात घ्यावंसं वाटलं. 'आमच्या चिमीला' हे शब्द सरकारी कानावर पडले होते.

तपासनिसांनी बोट वर केलं. कोणी बघितलं नाही. हात वर केला. तोही वाया गेला. बोलता तर त्यांना येत नव्हतं. शेवटी त्यांनी पिशवीतून लहरी मोजायचं यंत्र काढलं आणि चालू केलं. यंत्र असं कर्कश किंचाळलं, की सगळे गप्प झाले.

तपासनीस यंत्र घेऊन फिरू लागले. स्वयंपाकघराकडे, किंचाळणं मंदावलं. खिडकीकडे, आणखी मंदावलं. सोफ्याकडे वळले तसं वाढलं. डाव्या टोकाशी आले आणि यंत्र बेभान झालं. तपासनिसांनी दादाकडे बोट दाखवलं.

"मी?" दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, मी साधा हिशेबखात्यातला माणूस!"

"बघा! मी पहिल्यापासून सांगत होते," वहिनी म्हणाली.

चिमूआत्या दादाच्या हलणाऱ्या पायाकडे बघत होती. मग हलणाऱ्या सोफ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडत होतं, पण अजून पुरतं उजाडलं नव्हतं.

"दादा, ऊठ."

"अगं, पण मी काय केलं?"

"ऊठ म्हणते ना!"

दादा उठला. सोफा थांबला. यंत्राचं किंचाळणं हळूहळू बारीक होत गेलं आणि विझलं.

आणि घरातली बेल वाजली. टिंग टाँग, स्वच्छ, गोड. ती थांबली. मग वरच्या मजल्यावरची वाजली. ती थांबली. समोरची वाजली. कोणी कोणाच्या मध्ये आलं नाही, कोणी ढकललं नाही, कोणी दोनदा वाजलं नाही. अख्ख्या इमारतीच्या तुंबलेल्या बेली रांगेने, एकेक करून, आपापली पाळी आल्यावर वाजत गेल्या. सर्वांत शेवटी, लांबून, तळमजल्यावरची वाजली. तीच, जी तपासनिसांनी दाढ भरण्याआधी दाबली होती.

सेक्रेटरी काकांनी बोलायला तोंड उघडलं. तपासनिसांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांना ती शेवटची बेल पूर्ण ऐकायची होती.

इतक्यात सवयीप्रमाणे दादा पुन्हा खाली बसला, आणि पायाच्या पहिल्या हिसक्याला यंत्र पुन्हा किंचाळलं.

"उठा!" सगळे ओरडले.

वहिनीने सोफ्याच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. एक कंगवा निघाला, एक बिस्कीट, रिमोटचं मागचं झाकण, आणि मग किल्ली. किल्लीला लटकलेली बोटाएवढी डबी. तिच्यातून अजूनही, कोणाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजात, हाका चालल्या होत्या. एवढी वर्षं रोज संध्याकाळी दादाच तिच्यात वीज भरत होता आणि ती दादालाच सांगत होती, मी इथे आहे, तुझ्या खालीच आहे.

चिमूआत्याला हसावं की रडावं कळेना. तिच्या दुसऱ्या शोधाची वाट तिच्याच पहिल्या शोधाने अडवली होती. आणि पहिला एवढा चोख चालत होता!

तपासनिसांनी डबी तळहातावर घेतली, निरखली, आणि अर्ध्या तोंडाने कसंबसं विचारलं, हे कोणाचं काम?

"आमच्या चिमी..." दादा म्हणाला, थांबला, शर्ट खाली ओढला आणि म्हणाला, "मॅडमचं."

मंजुरी तिथेच, उभ्याउभ्या मिळाली. तपासनीस खरं तर बसणार होते, पण सोफ्याकडे बघून त्यांनी विचार बदलला.

"आता तो कप्पा उघडा," वहिनी म्हणाली. सगळी वरात कपाटाकडे निघाली. दादाने किल्ली फिरवली. कप्पा कुरकुरत उघडला. आत रुमालात नीट गुंडाळलेली एकच वस्तू होती. दादाने रुमाल सोडला.

आत किल्ली शोधायचं यंत्र होतं.

सगळ्यांनी आधी यंत्राकडे बघितलं, मग दादाकडे. सेक्रेटरी काकांनीसुद्धा.

"आठवलं," दादा हळूच म्हणाला. "हरवू नये म्हणून ठेवलं होतं."

लोखंडी कप्प्यात कोंडलेल्या यंत्राला डबीची एकही हाक ऐकू आली नव्हती. आता ते उघड्यावर आलं, आणि दादाच्या हातातली डबी त्याच्या जवळ आली, तशी तपासनिसांच्या यंत्राचा काटा खाली आला आणि तिथेच राहिला. डबीने हाका थांबवल्या. सापडली होती ती.

चिमूआत्याने किल्ली आणि यंत्र एकाच गोफात ओवून दादाच्या गळ्यात घातलं. "बस आता. हलव पाय हवा तेवढा."

दादा बसला. भीतभीत पाय हलवला. काही झालं नाही. थोडा जोरात हलवला. वहिनीचा चहा बशीत आला.

आणि दाराची बेल वाजली. चिमूआत्याने धावत जाऊन दार उघडलं. समोर कुरिअरवाला बटणावर बोट ठेवून उभा होता. तो दचकून दोन पावलं मागे सरकला.

"अहो," तो म्हणाला, "मी अजून इथेच आहे!"